शंभराच्या आत

रमाकांतरावांचा हात खटक्यावर गेला नाही असा एक दिवस शैलजाबाईंना लग्नाच्या बत्तीस वर्षांत आठवत नव्हता. त्या स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या की मागे दिवा गेलाच म्हणून समजा. न्हाणीत डोक्याला साबण लावलेला असायचा आणि बाहेरून खटका पडायचा. वर विचारायचे, की खिडकीतून उजेड येतो ना? पंखा चारवर दिसला तर हा माणूस हातातला चहा खाली ठेवून उठायचा, पंखा दोनवर आणायचा आणि मगच उरलेला चहा प्यायचा. तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. कचेरीत जी नजर फायलींवर असायची ती आता घरच्या मीटरवर आली होती. रोज सकाळी आंघोळीच्या आधी लोखंडी स्टूल फरशीवरून ओढत ओसरीत न्यायचं, त्यावर चढायचं, मीटरचा आकडा वाचायचा आणि कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचा. महिन्याचं बिल शंभर युनिटांच्या आत बसलं पाहिजे. शंभराच्या वर गेलं की दर चढतो, आणि दर चढू देणारा माणूस बेशिस्त, असं त्यांचं ठाम मत होतं.

बरं, हे कुठं? तर मलकापुरात. जिथं वैशाखात भिंतीला पाठ टेकवत नाही, नळाची तोटी हाताला चटका देते आणि दुपारी बाराला बाजारात कुत्रंसुद्धा दिसत नाही, त्या मलकापुरात.

खोटं कशाला बोला, रमाकांतरावांच्या युक्त्या अगदीच टाकाऊ नव्हत्या. होळी झाली की ते गच्चीवर चुन्याचे दोन हात मारायचे, वर हिरवी जाळी ताणायचे. कूलर माळ्यावरून उतरवून त्याला वाळ्याच्या ताट्या स्वतःच्या हातानं बांधायचे. पश्चिमेच्या खिडकीवर ओलं पोतं टाकायचे. या सगळ्यानं घर शेजारच्या घरांपेक्षा जरा बरं राहायचं, हे शैलजाबाईही कबूल करत. ज्येष्ठ नागरिक मंडळात रमाकांतरावांनी ‘कमी विजेत थंडावा’ या विषयावर पाऊण तास भाषण दिलं, तेव्हा टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या बायकांना मात्र कोणी काही विचारलं नव्हतं.

शैलजाबाईंनी आजवर हे सगळं काढलं. घामोळ्यांना मुलतानी माती लावली, अंगणात पाणी शिंपडलं, ओला टॉवेल मानेवर टाकून पोळ्या लाटल्या. माणूस व्यसनी नाही, हात उचलत नाही, मग खटके बंद करतो तर करू दे, असं म्हणून गप्प राहिल्या. यंदा मात्र हिमानी यायची होती.

हिमानी त्यांची एकुलती एक. नाशिकला सौमित्रला दिलेली, आणि आता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण शैलजाबाईंच्या मनात ते एकोणतीस वर्षांपासून लिहिलेलं होतं. त्यांच्या स्वतःच्या वेळी सहाव्या महिन्यात त्यांची आई गेली. मग माहेरी कोणाकडे जायचं? सासरीच, भर ज्येष्ठात, टिनाच्या खोलीत त्या बाळंत झाल्या. ऊन पाणी मागितलं तर जाऊबाई भांडी आपटायच्या. सव्वा महिना शैलजाबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या, आणि कुशीतल्या पोरीला त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, की तुझं मी करीन. दुसरं मूल झालं नाही. म्हणजे ही वेळ एकदाच येणार होती.

त्यांनी बाज नव्यानं विणून घेतली. जुन्या सुती लुगड्यांची बारा दुपटी शिवली. डिंक आणला, खारीक फोडून ठेवली, शेगडी घासून लख्ख केली. मधली खोली, ज्या खोलीच्या खिडकीला कूलर होता, ती हिमानीसाठी रिकामी केली. रमाकांतरावांनीही लेकीसाठी चुन्याचा तिसरा हात मारला आणि यंदा वाळा अकोल्याहून मागवला. त्यांचा जीव नव्हता असं नाही हो. जीव होताच, फक्त तो शंभराच्या आत होता.

रामनवमी झाली आणि आठवा लागता लागता हिमानी आली. पहिले चार दिवस बरे गेले. मग ऊन असं काही तापलं की विचारू नका. पंचेचाळीस झालं, सेहेचाळीस झालं. कूलरचं वेळापत्रक रमाकांतरावांनी कागदावर लिहून दाराला चिकटवलं होतं. दुपारी दोन तास, रात्री दहा ते दोन. दोनला तो बंद झाला की खोली तव्यासारखी व्हायची. हिमानी उठून फरशीवर बसायची, पायांवर तांब्यानं पाणी घ्यायची. शैलजाबाई पुठ्ठ्यानं वारा घालत राहायच्या. सकाळी दोघींचे डोळे तांबडे असायचे आणि ओसरीत स्टुलाचा घर्र आवाज यायचा.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पायांवर सूज होती. झोप पाहिजे, गारव्यात ठेवा, असं त्यांनी बजावलं. आणि जाता जाता हेही सांगितलं, की सासरी जायचं मनात असेल तर याच आठवड्यात जा, त्यानंतर मी प्रवास करू देणार नाही.

ते कसं कोण जाणे, नाशिकला लगेच पोचलं. संध्याकाळी विहीणबाईंचा, सुचिताताईंचा फोन आला. सुचिताताई बोलायला साखर. आमची काही हरकत नाही हो, माहेरी व्हावं हीच पद्धत, पण आमच्याकडे तिची खोली गार आहे, एसी आहे, आणि हल्ली कोण एवढं धरून बसतं? रविवारी सौमित्र गाडी घेऊन येतोय, बघेल आणि काय ते ठरवेल. शैलजाबाईंनी हो हो म्हणत फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं. हातात सहा दिवस होते. रविवारपर्यंत ती खोली गार झाली नाही, तर बाज रिकामी राहणार होती.

शैलजाबाईंनी मग आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला न विचारता एक गोष्ट केली. भिशीचा नंबर त्यांना त्याच महिन्यात लागला होता. त्या पैशातून त्यांनी दोन महिन्यांसाठी एसी भाड्यानं ठरवला. गुरुवारी सकाळी गोपाल मेकॅनिक तो टेम्पोत घालून दारात उभा राहिला, तेव्हा रमाकांतराव गच्चीवर जाळी ताणत होते. खाली आले आणि खोका पाहून त्यांचा चेहरा असा झाला, जसं कोणी घरात हत्ती आणून बांधला. मीटर पळेल, वायरिंग जुनी आहे, बत्तीस वर्षांत एकदा वर गेलो नाही, असं बरंच झालं. शैलजाबाई कणीक मळत ऐकत होत्या. मग हात धुतले आणि बाहेर आल्या.

“तुमचं बिल शंभराच्या आत ठेवा नाईतर हजाराच्या, मले माहीत नाई,” त्या म्हणाल्या. “माही पोरगी इथंच बाळंत होईन. तेवढ्यासाठी मी बत्तीस वर्सं अंधारात आंघोळ केली.”

गोपाल खाली बघून स्क्रू शोधू लागला. रमाकांतराव खोक्यापासून बाजूला झाले. लावा म्हणाले. पण गोपाल निघाला तेव्हा ते त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले आणि काहीतरी बारकाईनं विचारत राहिले. गोपाल मान हलवत होता. “नाई काका, दोनी संगं नका लावू,” एवढं शैलजाबाईंच्या कानावर पडलं. कशाबद्दल, ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना त्या वेळी कोणाचंच काही ऐकायचं नव्हतं.

त्या रात्री हिमानी झोपली. नऊला पडली ती सकाळी सातला उठली. कूस बदलताना कण्हली नाही, पाणी मागितलं नाही. शैलजाबाई दोनदा दार उघडून पाहून आल्या. पोर बाजेवर दुपटं पायांवर घेऊन गाढ झोपलेली, चेहरा लहानपणीसारखा. त्यांना इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की देवापुढे साखर ठेवली. सकाळी हिमानीनं दोन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि नाशिकला फोन करून सांगितलं, की इथं आता छान गार आहे, मी राहते.

आणि ओसरीत रमाकांतराव स्टुलावर उभे होते. एका रात्रीत अकरा युनिट. त्यांनी आकडा दोनदा वाचला, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली उतरले, पेन्सिल कानावर ठेवून येरझारा घालू लागले आणि न्याहारीला बसले तेव्हा त्यांच्या डोक्यात योजना पूर्ण तयार झालेली होती. एसी एकटा खोली गार करतो म्हणून दमतो, दमतो म्हणून युनिटं खातो. त्याला कूलरची जोड द्यायची. कूलर हवा गार करून देईल, एसी अठ्ठावीसवर ठेवायचा, तो नुसता वरचं काम करील. एका बैलाच्या जागी दोन जुंपले की कोणावरच भार येत नाही. दारं-खिडक्या मात्र गच्च बंद हव्यात, म्हणून त्यांनी कूलर खिडकीतून काढून खोलीत आणला आणि खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली.

आता उन्हाळ्याच्या गावात जन्म गेलेल्या माणसाला सांगावं लागतं का, की बंद खोलीत कूलर लावला की उकडलेल्या बटाट्यासारखी गत होते? कूलर पाण्याची वाफ सोडतो, त्याला बाहेर जायला खिडकी लागते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रमाकांतरावांनाही ठाऊक होतं. त्यांनी भाषणात स्वतः सांगितलं होतं. पण एसी आला आणि एका रात्रीत त्यांचं सगळं शहाणपण अकरा युनिटांत वाहून गेलं. एसी सगळं ओढून घेतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. एसी त्यांच्या सात पिढ्यांत कोणी वापरला नव्हता.

आणि इथंच शैलजाबाईंचंही चुकलं. गोपालचं वाक्य त्यांना त्या क्षणी आठवलं, दोनी संगं नका लावू. त्यांनी तोंड उघडलंही. पण पुन्हा वाद, पुन्हा पोरीसमोर तमाशा, रविवार दोन दिवसांवर. करू देत, म्हणाल्या. बत्तीस वर्षांची सवय, ती काय एका एसीनं मोडते?

शुक्रवारची रात्र चिकचिकीत गेली. हिमानी म्हणाली, काहीतरी दमट वाटतं. रमाकांतराव म्हणाले, पहिला दिवस आहे, बसेल. शनिवारी दुपारी शैलजाबाई भिशीच्या बायकांकडे गेल्या, पैसे आधी उचलले होते म्हणून तोंड दाखवणं भाग होतं. तासाभरात परत आल्या तर फाटकातूनच त्यांना हिमानी दिसली. ओसरीच्या पायरीवर, सेहेचाळीसच्या उन्हाच्या झळीत, भिंतीला डोकं टेकून बसलेली. पुढ्यात उलटी झालेली. ओठ कोरडे पडलेले.

“आत श्वास घेता येत नाई, आई,” ती म्हणाली.

शैलजाबाई आत धावल्या. खोलीचं दार उघडलं आणि तोंडावर ओला, कोमट वास आला. भिंती पाझरत होत्या. चादर हाताला गार नव्हे, ओली लागत होती. एसीच्या कोपऱ्यातून पाणी टपकत होतं, थेट बाजेवर, नव्या सुतळीवर. हिमानीनं कूलर केव्हाच बंद केला होता, खिडकीतली वर्तमानपत्रंही उपसली होती, पण एसी अठ्ठावीसवर नुसता घुरघुरत होता. तो कमी करायला रिमोट शोधला तर रिमोट कुठंच नव्हता. तो रमाकांतरावांच्या शर्टाच्या खिशात होता, आणि रमाकांतराव ज्येष्ठ नागरिक मंडळात होते.

शैलजाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी पोरीला साखर-मिठाचं पाणी पाजलं, रिक्षानं दवाखान्यात नेलं. बाळ बरं होतं, देवाची कृपा. डॉक्टरीणबाई शैलजाबाईंकडे बघून एवढंच म्हणाल्या, की तुम्ही तरी बघायचं. ते वाक्य त्यांच्या छातीत रुतून बसलं. संध्याकाळी रमाकांतराव परतले, तेव्हा शैलजाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या खिशातून रिमोट काढून घेतला. बोलायचं पुष्कळ होतं, पण हिमानी जागी होती.

रविवारी अकराला सौमित्र आला. शांत मुलगा. सासऱ्यांनी त्याला चहाच्या आधीच दोन बैलांचं गणित सांगायला घेतलं, तर त्यानं मान डोलवत सगळं ऐकून घेतलं. मग खोलीत गेला, छताकडे पाहिलं, बाजेवरचा ओला डाग हातानं चाचपला आणि बाहेर येऊन रुमालानं हात पुसला. आदल्या रात्री नुसता एसी लावला होता, खोली खरंच गार होती. शैलजाबाईंनी तेच पुन्हा पुन्हा सांगितलं. कूलर बंद केला, रिमोट माझ्याकडं आहे, आता कोणी हात लावणार नाही. सौमित्र म्हणाला, हिमानी म्हणेल तसं.

शैलजाबाई लेकीजवळ जाऊन बसल्या. तिचे सुजलेले पाय मांडीवर घेतले.

“राह्य ना व,” त्या म्हणाल्या. “काल झाली चूक. आता रात्रभर एसी चालू ठेवतो.”

हिमानीनं आईचा हात धरला. “आई, रात्री एसीच होता. खोली गारच होती,” ती हळू म्हणाली. “तरी मले झोप नाई आली. सकाळी बाबा स्टूल ओढतात ना, तो आवाज आत येते. पहाटेपासून मी त्याचीच वाट पाहत पडून राह्यतो. मी रात्रीतून किती जाळलं, ते मोजून राह्यले असं वाटते. बाळंत झाल्यावर त्याचे लंगोट, पाणी तापवणं, रात्रीचे दिवे... मले नाई जमणार, आई.”

बत्तीस वर्षं शैलजाबाईंना जे जमलं, ते पोरीला जमत नव्हतं. आणि जमू नये, हेच बरं होतं, हेही त्यांना कळत होतं. त्यामुळेच जास्त संताप येत होता. त्या उठल्या. डिंकाचे लाडू डब्यात भरले. बारा दुपटी पिशवीत घातली. खारीक, खोबरं, अळीव, सगळं नाशिकला निघालं. हिमानीची ओटी भरताना तांदूळ खाली सांडले. सुचिताताईंना सांग, शेक दोन्ही वेळा द्या, एवढंच त्यांना सुचलं. बाज काही गाडीत मावत नव्हती.

रमाकांतरावांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, ते खरेच भरले होते. सांभाळून ने, हळू चालव, असं जावयाला चारदा सांगितलं. गाडी महामार्गाच्या दिशेनं वळली, दिसेनाशी झाली. दोघं फाटकात उभे राहिले. मग शैलजाबाई आत आल्या आणि रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या.

ओसरीत स्टुलाचा आवाज झाला. घर्र. आज सकाळी पाहुणा यायच्या गडबडीत आकडा राहून गेला होता.

“एक्क्याऐंशी,” रमाकांतराव बाहेरूनच म्हणाले. “अजून नऊ दिवस आहेत. आता कूलरचंही काम नाई म्हणा. बसू आपण शंभराच्या आत.”

त्यांच्या आवाजात आनंद नव्हता. सवय होती, नुसती. रडणाऱ्या माणसानं नाक ओढावं तितकी सहज. पण शैलजाबाईंच्या आत बत्तीस वर्षं जे गच्च बांधून ठेवलं होतं, ते त्या वाक्यानं सुटलं. त्या उठल्या. खोलीत जाऊन एसी लावला, सोळावर आणला. कूलर लावला. पंखा पाचवर केला. भर दुपारी दिवा लावला. मग न्हाणीत जाऊन तिथला लावला, स्वयंपाकघरातला लावला, देवघरातला लावला, ओसरीतलासुद्धा लावला, रमाकांतरावांच्या डोक्यावरचा. परत खोलीत आल्या, खिडकी सताड उघडली, दार सताड उघडलं आणि बाजेच्या मधोमध, त्या ओल्या डागावर मांडी घालून बसल्या.

रमाकांतराव दारात आले. त्यांनी खोलीकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं. उजवा हात आपोआप बोर्डाकडे उचलला गेला आणि बायकोचा चेहरा बघून अर्ध्यावर थांबला.

“शैलजा,” ते चाचरत म्हणाले, “दार तरी लोटू काय? सगळा गारवा बाहेर जाऊन राह्यला.”

“जाऊ द्या,” शैलजाबाई म्हणाल्या. “पोर गेली तवा तुमाले दार लोटावंसं नाई वाटलं.”

रमाकांतरावांचा हात खाली आला. मग ओसरीतलं स्टूल उचलून आणलं, ओढलं नाही, उचलून आणलं, आणि दारापाशी ठेवून त्यावर बसले. बाहेर मीटरचा लाल ठिपका भराभरा लुकलुकत होता, आणि कॅलेंडरवरचा रविवारचा चौकोन कोराच राहिला.